पत्रं खोटी निघाली आणि ‘केसरी’चे संपादक आगरकर १०१ दिवस तुरुंगात गेले

दरवर्षी ६ जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन असतो. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं. बाळशास्त्री सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांनी लावलेल्या मराठी वर्तमानपत्रांच्या रोपट्याला बरोबर ५० वर्षं झाली, त्या वर्षी दोन मराठी संपादक तुरुंगात होते. एक लोकमान्य टिळक, दुसरे गोपाळ गणेश आगरकर. टिळकांची गोष्ट आपण बऱ्याचदा ऐकतो. ही आगरकरांची.

आगरकरांचा जन्म १८५६ चा, कराडजवळच्या टेंभू गावातला. घरची गरिबी इतकी, की शिक्षणासाठी पोराने कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. पुढे अकोल्यातून मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. एम.ए. होत असतानाच आईला पत्र लिहून कळवलं, की मोठ्या पगाराची नोकरी करणार नाही, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी देणार. त्या काळात एम.ए. झालेल्या माणसासाठी सरकारी खुर्ची तयार असायची. आईला काय वाटलं असेल, याचा अंदाज करा.

जानेवारी १८८१ मध्ये ‘मराठा’ आणि ‘केसरी’ निघाले. केसरीची संपादकी आगरकरांकडे आली, ‘मराठा’ टिळक बघू लागले. दोघंही पंचविशीतले.

त्याच वर्षी कोल्हापूरचं प्रकरण तापलं. राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले होते. त्यांच्यामागे दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज आता अठरा वर्षांचे होते. सरकारचं म्हणणं, महाराजांना वेड लागलंय. लोकांत कुजबुज अशी, की वेड लागलेलं नाही, लावलं जातंय. त्यांचा छळ होतोय आणि त्यामागे कारभारी रावबहादूर बर्वे आहेत.

अशात पुण्याच्या संपादकांच्या हाती काही पत्रं आली. ती बर्व्यांचीच आहेत आणि त्यात महाराजांविरुद्धचा कट दिसतो, असं सांगण्यात आलं.

आता तुम्ही आगरकरांच्या जागी आहात असं समजा. काय कराल? पत्रं छापाल, की चौकशीसाठी सरकारकडे द्याल?

दुसरा मार्ग आज शहाणपणाचा वाटतो. पण चौकशी करणार कोण? बर्व्यांना नेमणारं मुंबई सरकारच. महाराजांवर देखरेख सरकारी अधिकाऱ्यांची, ते वेडे आहेत हे सांगणारेही सरकारीच. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारात अर्ज. आणि तोवर महाराजांचं काही बरंवाईट झालं तर? दोघांनी छापण्याचा मार्ग धरला.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात पत्रं बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. खटला चालू असतानाच मार्च १८८२ मध्ये त्यांचे आधारस्तंभ विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. जामिनाचे दहा हजार रुपये कुठून आणायचे हा प्रश्न आला, तेव्हा जोतीराव फुले मदतीला आले. चिपळूणकरांनी ज्यांच्यावर सडकून टीका केली होती, तेच फुले. त्यांचे स्नेही उरवणे यांनी जामीन भरला.

१७ जुलै १८८२ ला चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात २६ ऑक्टोबरला सुटका झाली, म्हणजे १०१ दिवस. मुंबईच्या डोंगरी तुरुंगातल्या या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ हे त्यांचं मराठी रूपांतरही याच सुमाराचं. दरबारी कारस्थान, वेडा ठरवलेला राजपुत्र. योगायोग म्हणा.

खरी चूक नेमकी कुठे झाली? माझ्या मते छापण्यात नव्हे, कागद न तपासता छापण्यात. पत्रं कुणी आणली, अक्षर कुणाचं, मूळ प्रत कुठे आहे, हे विचारायला हवं होतं. खोट्या पत्रांमुळे सगळी चर्चा महाराजांवरून उडाली आणि संपादकांवर आली. तिकडे महाराजांना नगरच्या किल्ल्यात नेलं गेलं. २५ डिसेंबर १८८३ ला पहाऱ्यावरच्या एका गोऱ्या सोजिराशी झटापट होऊन ते वारले. वय अवघं वीस.

हा पेच जुना झालेला नाही. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या डोपिंगबद्दल लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने २००४ मध्ये लिहिलं. त्याने खटला भरला आणि २००६ मध्ये पेपरला तीन लाख पौंड मोजून तडजोड करावी लागली. बातमी खरी होती, पण कोर्टात टिकेल एवढा पुरावा हाती नव्हता. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याच्याच ११ सहकाऱ्यांच्या साक्षी मांडल्या, तेव्हा त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं गेली. पण ती तपासयंत्रणा आर्मस्ट्राँगच्या ताब्यात नव्हती. आगरकरांना तशी यंत्रणा कुठून मिळणार होती?

तुरुंगातून आल्यावर दोघांनी इतरांसोबत डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज काढलं. गंमत म्हणजे कॉलेजला नाव दिलं ते खटल्याच्या वेळी मुंबईचे गव्हर्नर असलेल्या फर्ग्युसन साहेबांचं.

मग आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, यावरून मैत्री फाटली. आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. इथे त्यांनी बालविवाह, विधवांचं केशवपन यांवर लिहिलं. यात कुणाच्या गुप्त पत्रांची गरज नव्हती. पुरावा वाचकाच्याच घरात, माजघरात बसलेला होता. तो नाकारता येईना, म्हणून सनातन्यांनी पुण्यात जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली.

१८९२ पासून ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. दमा आयुष्यभर मागे लागलेला. १७ जून १८९५ ला, चाळिशीही न गाठता ते गेले. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी पैशाची एक पुडी आधीच बांधून ठेवली होती, असं सांगतात.