आच, डागणी आणि डॉ. खानोलकर

इंद्रायणीकाठच्या चऱ्होलीच्या एका अंगाला आळंदीचे देऊळ आहे, तर दुसऱ्या अंगाला भोसरी-चाकणचे कारखाने. या कारखान्यांतून पोलादावर उष्णतेचे संस्कार करणाऱ्या कामगाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. भट्टीचे तापमान आणि वेळ यांचे गणित चुकले, की जॉब वाया जातो. पोलादाच्या बाबतीत पाळला जाणारा हा हिशेब मनुष्यदेहाच्या बाबतीत मात्र समाज सहज विसरतो. शेकल्याने वा डागल्याने गाठ जिरते, ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुताने अग्निकर्माला क्षारकर्माहून श्रेष्ठ मानले होते. मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर तापल्या सळईच्या डागण्या देण्याची प्रथा अलीकडच्या काळातही आढळली आहे. अशा स्थितीत कर्करोगावर उष्णतेने उपचार होतो, अशी वार्ता कानी आली, की या समजुतीला विज्ञानाचाच कौल मिळाल्यासारखे वाटते. असा कौल पारखून कसा घ्यावा, याचा धडा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या चरित्रात सापडतो.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये त्यांनी विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी संपादन केली. विकृतिशास्त्र हा काही धनप्राप्तीचा मार्ग नव्हे. विकृतितज्ज्ञाची गाठ रुग्णापेक्षा सूक्ष्मदर्शकाशीच अधिक पडते आणि बरे झाल्याचे श्रेय त्याच्या वाट्याला क्वचितच येते. तथापि मुंबईत परतल्यावर खानोलकरांनी अध्यापन आणि संशोधन हेच आपले क्षेत्र मानले. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज या दोन्ही संस्थांत त्यांनी विकृतिशास्त्र शिकविले. फेब्रुवारी १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोग हा दैवाचा घाला, असे मानणाऱ्या काळात खानोलकरांनी रोग्याच्या राहणीकडे लक्ष वळविले. रोगी काय नेसतो, काय चघळतो, विडी कशी ओढतो, हे प्रश्न त्यांनी शास्त्रीय ठरविले. १९४५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात भारतीय रीतीरिवाजांशी निगडित अशा तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन आहे. कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने त्वचेला होणारा कर्करोग हा एक, आणि तंबाखू-चुन्याच्या गोळीमुळे ओठाशी होणारा दुसरा. तिसरा प्रकार आंध्रच्या किनाऱ्यावरचा. तेथे चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून धूर ओढतात आणि टाळूला कर्करोग होतो. तंबाखूचा धूर आणि निखाऱ्याची आच, दोन्ही तेथे एकाच जागी रोज झोंबतात. काश्मिरात फेरनखाली निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोग त्यापूर्वीच वैद्यकाला परिचित होता. वर्षानुवर्षे लागणारी आच कर्करोग बरा करीत नाही, उलट तो निर्माण करते, हे या उदाहरणांतून स्पष्ट होते.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले संचालक खानोलकरच होते. पुण्यात जन्मलेल्या पेशीशास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली संशोधक म्हणून घडल्या. कुष्ठरोगावरही खानोलकरांनी संशोधन केले. १९५४ मध्ये पद्मभूषण, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद, असे सन्मान त्यांना लाभले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

मग उष्णतेचा उपचार ही केवळ भूलथापच काय? तसेही नाही. कांगडीच्या कर्करोगाचे वर्णन १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जर्मनीतील बॉन येथे बुश या शल्यविशारदाने धावऱ्याच्या तीव्र तापानंतर एका रुग्णेच्या चेहऱ्यावरील गाठ ओसरल्याची नोंद केली. पुढे न्यूयॉर्कच्या विल्यम कोली यांनी १८९१ पासून जंतू टोचून, आणि नंतर मृत जंतूंचे मिश्रण वापरून, असा ताप मुद्दाम आणण्याचे प्रयोग केले. आधुनिक पद्धतीत गाठीचे तापमान सुमारे ४१ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन तेथे ठराविक काळ राखतात. त्यामुळे किरणोपचाराने जायबंदी झालेल्या पेशींना स्वतःची दुरुस्ती करणे अवघड जाते. नेदरलँड्समध्ये १९९० ते १९९६ या काळात गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगावर झालेल्या चाचणीत, केवळ किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी तीन वर्षांनंतर २७ टक्के हयात होत्या, तर जोडीला उष्णताही दिलेल्यांपैकी ५१ टक्के. येथे उष्णता किरणोपचाराची जागा घेत नाही, त्याला बळ देते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

डागणीत तापमान मोजले जात नाही, वेळ मोजली जात नाही आणि परिणामाची तुलनाही होत नाही. तिची खरी किंमत भाजलेल्या कातडीपुरती नसते. गाठ लहान असतानाचे जे महिने त्यात निघून जातात, ते कोणत्याही पैशाने परत विकत घेता येत नाहीत. गरीब कुटुंबाला तर हा तोटा दुहेरी पडतो, कारण उशिरा सुरू झालेला उपचार महागही असतो आणि बहुधा अपुराही ठरतो. कोणतीही रूढी डोळे झाकून स्वीकारू नये आणि तुच्छतेने झिडकारूही नये, ती तपासावी, ही खानोलकरांची रीत होती. भट्टीवरचा कामगार ती रोज पाळतो. घरात कोणाच्या अंगावर गाठ दिसली, तर त्याच रीतीने प्रथम तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे. उपचार कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा होय.