अपयशाचीही नोंद ठेवणारे शल्यविशारद : थिओडोर बिलरोथ

छावणी (प्रतिनिधी) : दरवर्षी ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन पाळला जातो. त्यानंतर दोनच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, एका थोर शल्यविशारदाचा स्मृतिदिन येतो. मात्र तो फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. जठरातील कर्करोगाची गाठ पोट उघडून काढता येते आणि त्यानंतरही रुग्ण जगू शकतो, हे ज्यांनी प्रथम दाखवून दिले ते डॉ. थिओडोर बिलरोथ १८९४ मध्ये याच दिवशी निवर्तले. आज या रोगावर शस्त्रक्रियेच्या जोडीने केमोथेरपी दिली जाते. अशी जोडी का आवश्यक ठरली, याचे उत्तर बिलरोथ यांच्या पहिल्या यशस्वी शस्त्रक्रियेनंतरच्या चार महिन्यांत सापडते.

बिलरोथ यांचा जन्म २६ एप्रिल १८२९ रोजी बाल्टिक समुद्रातील रुगेन बेटावरील बर्गेन या गावी झाला. हा भाग तेव्हा प्रशियाच्या राज्यात होता. वडील धर्मोपदेशक होते. थिओडोर पाच वर्षांचे असतानाच ते वारले आणि पाच मुलांच्या संगोपनाचा भार आईवर पडला. थिओडोर यांचा ओढा संगीताकडे होता. पियानोपुढे तासन् तास रमणाऱ्या या मुलाला घरच्यांनी आणि हितचिंतकांनी समजावून वैद्यकाकडे वळवले. ग्राइफ्सवाल्ड, गटिंगेन व बर्लिन येथे शिक्षण घेऊन १८५२ मध्ये ते डॉक्टर झाले. बर्लिनमध्ये त्यांनी दवाखाना थाटला. पण दोन महिने उलटले तरी एकही रुग्ण फिरकला नाही. अखेर नामवंत शल्यविशारद बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांच्या रुग्णालयात त्यांना साहाय्यकाची जागा मिळाली. तेथे हातात शस्त्र आले आणि सूक्ष्मदर्शकातून रोगग्रस्त पेशी न्याहाळण्याचा अभ्यासही सुरू झाला. पुढे आयुष्यभर त्यांनी या दोन्ही गोष्टींची सांगड घातली.

१८६० मध्ये ते झुरिच विद्यापीठात शस्त्रक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी दिलेल्या व्याख्यानांचा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला व अनेक भाषांत भाषांतरित झाला. तथापि त्यांचे झुरिचमधील खरे मोलाचे कार्य वेगळेच होते. किती रुग्णांवर उपचार केले, किती बरे झाले, किती दगावले, कोणाला कोणती गुंतागुंत झाली आणि घरी गेलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, याचा संपूर्ण हिशेब त्यांनी छापून जाहीर केला. शल्यविशारदाने आपले यश तेवढे सांगावे आणि मृत्यू झाकून ठेवावेत, अशी तेव्हाची रीत होती. बिलरोथ यांनी ती मोडली. आज रुग्णालयांकडून ज्या वैद्यकीय लेखापरीक्षणाची अपेक्षा केली जाते, त्याचा हा आरंभ मानला जातो.

१८६७ मध्ये त्यांना व्हिएन्ना विद्यापीठाचे निमंत्रण आले आणि अखेरपर्यंत तेच शहर त्यांची कर्मभूमी राहिले. १८७३ च्या अखेरीस त्यांनी कर्करोगग्रस्त स्वरयंत्र संपूर्णपणे काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्यांचे पुढचे लक्ष्य जठर होते.

त्या काळी पोट उघडणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण समजले जाई. जठराचा छेद शिवला तरी आतील पाचकरस ती शिवण टिकू देणार नाही, अशी भीती होती. बिलरोथ यांनी घाई केली नाही. त्यांचे साहाय्यक गुसेनबाऊअर व विनिवार्टर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून जठराचा तुकडा काढता येतो व जखम भरून येते, हे १८७६ मध्ये सिद्ध केले. शिवाय व्हिएन्नातील साठ हजारांहून अधिक शवविच्छेदनांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. जठराच्या कर्करोगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण आतड्याकडील तोंडाशी गाठ असलेले होते आणि त्यांतील अनेकांच्या शरीरात रोग अन्यत्र पसरलेला नव्हता, असे त्यांतून दिसले. अशा रुग्णांना वेळीच शस्त्रक्रियेचा लाभ होऊ शकला असता, हा त्याचा सरळ अर्थ होता.

दरम्यान दोघांनी ही शस्त्रक्रिया करून पाहिली होती. पॅरिसचे पेआं यांचा रुग्ण १८७९ मध्ये पाचव्या दिवशी, तर पोलिश शल्यविशारद रिडिगियर यांचा रुग्ण नोव्हेंबर १८८० मध्ये काही तासांतच दगावला. २९ जानेवारी १८८१ रोजी बिलरोथ यांनी व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात थेरेसे हेलर या ४३ वर्षांच्या महिलेवर शस्त्रक्रिया केली. गाठीमुळे जठराचे तोंड बंद होत आले होते, अन्न पोटात टिकत नव्हते आणि शरीर पार खंगले होते. शस्त्रक्रियेपूर्वी तिचे जठर धुऊन स्वच्छ करण्यात आले. क्लोरोफॉर्मच्या गुंगीत सुमारे दीड तासात गाठीसह जठराचा भाग कापून उरलेले जठर थेट लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाला रेशमी टाक्यांनी जोडले गेले. ही रचना आजही ‘बिलरोथ एक’ या नावाने ओळखली जाते. जठर आतड्याच्या पुढील भागाला जोडण्याची ‘बिलरोथ दोन’ ही पद्धत त्यांनी १८८५ मध्ये अवलंबिली.

या शस्त्रक्रियेत ज्या क्लोरोफॉर्मचा आधार होता, त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न लवकरच आपल्या भागाच्या राजधानीतही चर्चिला गेला. औरंगाबादच्या छावणीत तेव्हा हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी होत्या आणि हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्याला निजामाने अर्थसाह्य दिले. क्लोरोफॉर्मने हृदयाला थेट धोका नाही, हा आयोगांचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. उपचाराचे मोल पुढच्या काळातील पुराव्यावरच ठरते, याचे हे जवळचे उदाहरण होय.

थेरेसे हेलर शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडली. पुन्हा अन्न घेऊ लागली आणि घरीही परतली. बिलरोथ यांनी काही दिवसांतच खुल्या पत्राद्वारे ही वार्ता वैद्यकविश्वाला कळवली. परंतु मे महिन्यात तिचा मृत्यू झाला. टाके तुटले नव्हते, जखमही भरली होती. रोग मात्र यकृतापर्यंत पोहोचला होता. त्यानंतरचे त्यांचे दोन रुग्णही शस्त्रक्रियेनंतर वाचले नाहीत. बिलरोथ यांनी हे मृत्यूही दडवले नाहीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे साहाय्यक वॉल्फ्लर यांनी शस्त्रक्रिया केलेली रुग्ण महिला मात्र पाच वर्षांहून अधिक काळ जगली आणि या मार्गावरचा विश्वास दृढ झाला.

शस्त्रक्रियागृहाबाहेरही बिलरोथ यांचे जीवन समृद्ध होते. संगीतकार योहान्नेस ब्राम्स त्यांचे जिवलग मित्र होते. ब्राम्स यांच्या कित्येक रचना प्रथम बिलरोथ यांच्या घरी वाजवल्या गेल्या आणि दोन रचना त्यांनाच अर्पण झाल्या. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. प्रशिक्षित परिचारिकांची निकड ओळखून व्हिएन्नात रुडॉल्फिनरहाउस या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. या चरित्राला एक डागही आहे. वैद्यकीय शिक्षणावरील १८७५ च्या सुमाराच्या ग्रंथात त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांविषयी अनुदार मते मांडली आणि त्यावरून विद्यापीठात दंगे झाले. उत्तरायुष्यात ते ज्यूद्वेषाविरुद्ध स्थापन झालेल्या संघटनेत सामील झाले, ही गोष्टही नोंदवायला हवी. १८८७ मध्ये झालेल्या फुप्फुसाच्या गंभीर आजारानंतर त्यांची प्रकृती ढासळत गेली. एड्रियाटिक समुद्राकाठच्या ओपातिया येथे ६ फेब्रुवारी १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

थेरेसे हेलरच्या मृत्यूने जो प्रश्न उभा केला, त्याचे उत्तर शोधण्यास शतकाहून अधिक काळ लागला. डोळ्यांना दिसणारी गाठ काढली तरी न दिसणाऱ्या पेशी शरीरात राहतात, त्यांचे काय करायचे, हा तो प्रश्न होता. १९५७ मध्ये फ्लुओरोयुरॅसिल हे औषध आले आणि रक्तावाटे सर्वत्र पोहोचणारे शस्त्र हाती लागले. २००६ मध्ये ब्रिटनमधील ५०३ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी पाच वर्षांनंतर सुमारे २३ टक्के रुग्ण जिवंत असल्याचा अंदाज होता. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर केमोथेरपी मिळालेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. २०१९ मध्ये जर्मनीतील ७१६ रुग्णांच्या चाचणीत चार औषधांच्या नव्या मिश्रणाने जुन्या मिश्रणावर मात केली. मध्यम आयुर्मान ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर गेले. आधी केमोथेरपी दिल्याने गाठ आकसते आणि विखुरलेल्या पेशींवर लवकर आघात होतो, असे यामागील तत्त्व आहे. म्हणूनच निदान होताच थेट शस्त्रक्रिया न करता डॉक्टर आधी औषधे देतात, तेव्हा तो विलंब नसून उपचाराचाच भाग असतो.

या चाचण्यांतही बिलरोथ यांचीच शिस्त दिसते. जगलेले आणि दगावलेले दोन्ही मोजायचे आणि मगच उपचाराचा निर्णय करायचा. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. आज छत्रपती संभाजीनगरातही शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तरीही रुग्ण वेळेत तेथे पोहोचला नाही, तर उपचाराची व्याप्ती आक्रसते. थोडे खाताच पोट भरणे, सततचे अपचन, कारणाविना वजन घटणे, वारंवार उलट्या किंवा काळी शौच ही लक्षणे काही आठवडे टिकली, तर आम्लपित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. एन्डोस्कोपीने जठराची आतून तपासणी होते आणि संशयास्पद भागाचा तुकडाही तपासता येतो. बिलरोथ यांच्या रुग्णाला ही संधी उपलब्ध नव्हती; आजच्या रुग्णाला ती आहे.