इरावतीबाईंचे समाजदर्शन आणि विकासाचा हिशेब

विकास म्हणजे उत्पन्नवाढ आणि उत्पन्नवाढ म्हणजे पाणी, वीज व भांडवल, हे समीकरण आपल्याकडे पुरते रूढ झाले आहे. माणसे कसा विचार करतात आणि तसाच का करतात, हा प्रश्न योजनांच्या कागदपत्रांत सहसा येत नाही. आलाच तर तो दोषारोपाच्या रूपाने येतो. योजना फसली की लोकांची संस्कृती मागासलेली ठरवून मोकळे व्हायचे, ही सोयीची रीत होऊन बसली आहे. संस्कृतीचा विचार याहून अधिक जबाबदारीने कसा करता येतो, हे पाहावयाचे असेल तर डॉ. इरावती कर्वे यांचे जीवनकार्य पाहावे लागते.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या व्यवसायातील कंपनीत नोकरीस होते. कन्येचे नाव त्यांनी तेथील महानदीवरून ठेवले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी ती पुण्यास हुजूरपागेत आली आणि पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढली. वाचन, वादविवाद आणि बुद्धिनिष्ठा यांचे संस्कार तिला त्या घरात मिळाले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. त्यांचा पहिला प्रबंध चित्पावनांवर, म्हणजे स्वतःच्याच ज्ञातीवर होता. आपण ज्या समाजात वाढलो त्याच्याकडे परक्याच्या तटस्थतेने पाहण्याची सवय त्यांना येथेच लागली असावी.

दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी विवाह होऊन त्या महर्षी कर्वे यांच्या सून झाल्या. ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी सारे आयुष्य वेचले, त्या महर्षींना सुनेने उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जाणे मात्र मान्य नव्हते. त्यांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. समाजाच्या चाकोरीबाहेर पडणाऱ्या सुधारकालाही स्वतःच्या काळाची एक मर्यादा असते, एवढाच याचा अर्थ. पतीच्या पाठिंब्याने इरावतीबाई १९२८ च्या अखेरीस बर्लिनला गेल्या.

तेथील मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशभेदाचे पुरस्कर्ते होते. युरोपीय माणसाची बुद्धी श्रेष्ठ असल्याने त्याच्या कवटीच्या दोन बाजूंच्या ठेवणीतही वेगळेपणा दिसेल, अशी त्यांची कल्पना होती. तिचा पडताळा पाहण्याचे काम या तरुण हिंदी विद्यार्थिनीकडे आले. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची मोजमापे घेतली आणि असा वांशिक भेद आढळत नाही, असा निष्कर्ष मार्गदर्शकांसमोर ठेवला. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे काही वर्षांतच याच वंशविचाराने जर्मनीत केवढा अनर्थ केला, हे सर्वश्रुत आहे. समाजासमाजांतील भेदांचे मूळ रक्तात नसेल तर ते कोठे शोधायचे, हा प्रश्न घेऊनच त्या जणू मायदेशी परतल्या.

१९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. त्यानंतरची तीन दशके वाड्यावस्त्यांवर हिंडून मोजमापे घेण्यात, नात्यांच्या संज्ञा टिपण्यात आणि लोकांशी बोलण्यात गेली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ हे या भ्रमंतीचे फळ होय. उत्तरेत मुलगी नात्याबाहेरच्या, दूरच्या गावी दिली जाते. तेथे तिला कोणी ओळखत नसते आणि डोक्यावरचा पदर व मौन हीच तिची ओळख बनते. दक्षिणेत नात्यातच विवाह होत असल्याने सासू ही पुष्कळदा आधीपासूनची आत्या किंवा आजी असते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. येथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र सहसा टाळली जाते.

वरवर पाहता ही केवळ सोयरिकीची चर्चा वाटेल. परंतु मुलीला घरात किती मोकळेपणाने बोलता येते, माहेरचा आधार तिला किती जवळ असतो, हे या रीतींवरच बहुतांशी ठरते. इरावतीबाईंच्या निधनानंतर १९८३ मध्ये टिम डायसन व मिक मूर या अभ्यासकांनी उत्तर व दक्षिण भारतातील जननदर आणि बालमृत्यू यांतील तफावतीची सांगड नातेव्यवस्थेशी व स्त्रीच्या स्वायत्ततेशी घातली, तेव्हा इरावतीबाईंच्या या मांडणीचाच त्यांना आधार झाला. संस्कृती आणि विकास यांचा संबंध याहून स्पष्टपणे क्वचितच दिसून येतो.

मात्र संस्कृतीचे निव्वळ गुणगान इरावतीबाईंनी केले नाही. दौंड तालुक्यातील कासुर्डी हे पुणे-सोलापूर रस्त्यालगतचे गाव. लोणी काळभोरहून यवतकडे जाणारी तुकोबांची पालखी याच परिसरातून पुढे सरकते. टाळमृदंगाच्या गजरात चालणाऱ्या या समुदायात एका मोठ्या लोकसमूहाला एक भाषा, एक भाव आणि एक शिस्त देण्याचे सामर्थ्य आहे, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. इरावतीबाई सासवड-जेजुरीच्या वाटेने ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालल्या. वारीच्या या एकात्मतेने त्या भारावल्या, आणि महाराष्ट्राची ओळखच त्यांनी पंढरीच्या वाटेवरून सांगितली. पण एकाच दिंडीत एकत्र भजन करणारी माणसे जेवताना जातवार वेगळी बसतात, हेही त्यांनी पाहिले आणि त्याची वेदना लपविली नाही. जी संस्कृती माणसे जोडते तीच त्यांच्यामध्ये भिंतीही उभ्या करते, ही दुहेरी जाणीव त्यांच्या साऱ्या लेखनात आहे. ‘युगान्त’मध्ये महाभारतातील व्यक्तींकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. त्या ग्रंथाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतील एका कामाची चर्चा त्यामानाने कमी होते. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली व ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरणाची वीज आणि पाणी यांचा हिशेब मांडता येतो. परंतु गाव हलले म्हणजे सोयरिकीची अंतरे बदलतात, अडीनडीला धावणारा शेजार तुटतो, ग्रामदैवत पाण्याखाली जाते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे पिकांचे ज्ञान नव्या जमिनीत निरुपयोगी ठरते. या तोट्याला नुकसानभरपाईच्या तक्त्यात रकानाच नसतो. हा प्रश्न कोयनेपुरता मर्यादित नाही. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील धरणांनी उठविलेल्या कुटुंबांना दौंड व शिरूर तालुक्यांतील लाभक्षेत्रात जमिनी देण्यात आल्या. मावळी भातशेती आणि डोंगररान मागे टाकून आलेल्या माणसाला काळ्या जमिनीचा तुकडा दिला म्हणजे त्याचे पुनर्वसन झाले, असे म्हणता येईल काय?

इरावतीबाईंच्या अभ्यासालाही मर्यादा होत्या. डोक्याच्या व नाकाच्या मोजमापांवर त्यांनी ठेवलेला भर आज शास्त्राला मान्य नाही. तथापि याच मोजमापांच्या आधारे, एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीतील पोटगट एका मूळ समूहाचे तुकडे असतीलच असे नाही, हे त्यांनी दाखविले, हेही नमूद केले पाहिजे.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांचे मूल्यमापन सर्वसाधारणपणे बंधनकारक केले. कागदावर ही प्रगती निश्चितच आहे. परंतु विहिरी, झाडे आणि घरांचे खण मोजणारा अधिकारी, या घरातील मुली कोणत्या गावी दिल्या आहेत आणि पेरणीला बैल कोणाचे येतात, हे विचारतो काय, यावर तिचे मोल ठरेल. लोकांची संस्कृती ही विकासाच्या आड येणारी धोंड नव्हे आणि पूजेची मूर्तीही नव्हे. ती त्यांची विचार करण्याची, एकमेकांना सांभाळण्याची आणि कधी एकमेकांना दूर लोटण्याचीही पद्धत आहे. ती समजून घेतल्याविना आखलेली योजना जमिनीचे वाटप करील. गाव मात्र वसवू शकणार नाही.