हिरव्या चहाचे अंतरंग उलगडणाऱ्या मिचियो त्सुजिमुरा

जपानच्या सैतामा प्रांतातील ओकेगावा येथे १८८८ साली जन्मलेल्या मिचियो त्सुजिमुरा यांनी काही वर्षे शिक्षिकेची नोकरी केली; पण ओढ संशोधनाची होती. १९२० मध्ये त्या होक्काइडो शाही विद्यापीठात गेल्या, तेव्हा तेथे स्त्रियांना विद्यार्थी म्हणून प्रवेशच नव्हता. त्यांनी बिनपगारी साहाय्यकाचे काम पत्करले आणि रेशीमकिड्यांच्या पोषणाचा अभ्यास आरंभला. पुढे टोकियोत ज्या प्रयोगशाळेत त्या रुजू झाल्या, ती १९२३ च्या महाभूकंपात उद्ध्वस्त झाली. मग रिकेन संस्थेत उमेतारो सुझुकी यांच्या हाताखाली त्यांना आसरा मिळाला. ब जीवनसत्त्वावरील कामामुळे सुझुकी आधीच ख्यातकीर्त होते.

१९२४ मध्ये सेइतारो मिउरा यांच्यासमवेत त्यांनी हिरव्या चहात क जीवनसत्त्व असल्याचे दाखवले. १९२९ मध्ये चहाला तुरटपणा देणारे कॅटेचिन त्यांनी वेगळे केले. १९३२ मध्ये याच विषयावरील प्रबंधामुळे त्या जपानमधील पहिल्या महिला कृषी डॉक्टर ठरल्या.

या कॅटेचिनचे महत्त्व पुढे निराळ्याच संदर्भात वाढले. रक्तातील कोलेस्टेरॉल ‘एलडीएल’ कणांतून वाहिले जाते. त्या कणांचे ऑक्सिडीकरण झाले, की रक्तवाहिन्यांच्या भिंतींत थर साचण्यास चालना मिळते. चरबीत विरघळणारे ई जीवनसत्त्व कणाच्या आत पहारा देते आणि त्या कामी स्वतः खर्ची पडते. कॅटेचिन मिसळल्यास ते उशिरा संपते, असे परीक्षानळीतील प्रयोगांत आढळले. झिजलेल्या ई जीवनसत्त्वाला कॅटेचिन पूर्वरूप देत असावे, असे मानले जाते. मात्र चहा प्यायल्यावर रक्तात उतरणारे कॅटेचिन अत्यल्प असते. माणसांवरील चाचण्यांत एलडीएल थोडेसेच घटलेले दिसते. शिवाय कोलेस्टेरॉल घटणे आणि त्याचे ऑक्सिडीकरण रोखले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी. जाहिरातींत मात्र त्यांची सर्रास सरमिसळ होते.

त्सुजिमुरा यांचा शोध रसायनाचा होता, औषधाचा नव्हे. १९३४ मध्ये त्यांनी गॅलोकॅटेचिन वेगळे केले. प्राध्यापकपद मात्र १९४९ मध्ये, ओचानोमिझु विद्यापीठात, वयाच्या साठीनंतर लाभले. १९५५ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या शिकवीत राहिल्या. १९५६ मध्ये कृषिविज्ञानाचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. १ जून १९६९ रोजी तोयोहाशी येथे त्यांचे निधन झाले.