नाशकात जन्मलेले लॉर्ड थॉमसन आणि आकाशातलं जहाज

अकोल्याहून मुंबईच्या गाडीत बसलं की वाटेत नाशिक रोड लागतं. त्याच नाशकात १३ एप्रिल १८७५ रोजी क्रिस्टोफर बर्डवुड थॉमसन जन्मले. वडील इंग्रजी फौजेत अधिकारी. मुलगाही फौजेत गेला, ब्रिगेडियर जनरल झाला, पुढे मजूर पक्षात आला आणि १९२४ मध्ये ब्रिटनचा हवाईमंत्री!

थॉमसन यांचा भरवसा महाकाय वायुनौकांवर. कार्डिंग्टनला बांधलेली 'आर १०१' शेवटी २३७ मीटर लांब झाली. मुलांना सांगायचं तर रेल्वेचे दहा डबे जोडून आकाशात सोडल्यासारखं. धातूचा सांगाडा, वरून कापड, आत हायड्रोजनच्या पिशव्या. लोक माना वर करून बघतच राहत. (हायड्रोजन पेटतो, हे मात्र आधी सांगा.)

तिला कराचीला यायचं होतं. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात. थॉमसन यांना जाऊन ऑक्टोबरातच लंडनच्या परिषदेसाठी परतायचं होतं. पूर्ण वेगाची चाचणी राहून गेली, हवाही बिघडलेली. पण मंत्रीच सोबत निघाल्यावर थांबा कोण म्हणणार? ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी वायुनौका सुटली. रात्री दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळून पेटली. ५४ पैकी ४८ जण गेले, त्यांत थॉमसनही.

पुढे कॅनडाला सुखरूप जाऊन आलेली 'आर १००' सुद्धा भंगारात निघाली. कराचीला बांधलेली प्रचंड शेड तशीच रिकामी राहिली.