दिवाणखान्यातले युद्ध

एच. जी. वेल्स हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या वाचनालयात भेटलेले असते. काळाच्या यंत्रात बसून भविष्यात जाणारा प्रवासी, कोणालाच न दिसणारा माणूस, मंगळावरून पृथ्वीवर चालून आलेले शत्रू, ही सारी वेल्सची निर्मिती. पण याच लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे एक छोटेसे पुस्तक लिहिले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. खेळण्यातले शिपाई घेऊन जमिनीवर लढाई कशी खेळावी, याचे नियम त्यात आहेत. मला विचाराल तर हा माणूस समजून घ्यायला त्याच्या जाडजूड ग्रंथांइतकेच हे पुस्तकही उपयोगी पडते.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधल्या ब्रॉम्ले गावी झाला. वडील जोसेफ यांचे चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकणारे लहानसे दुकान होते. दुकान जेमतेम चाले. खरी मिळकत क्रिकेटची. १८६२ मध्ये केंटकडून खेळताना जोसेफ यांनी ससेक्सचे चार फलंदाज लागोपाठच्या चार चेंडूंवर बाद केले होते. पुढे १८७७ मध्ये पडून त्यांचा पाय मोडला आणि त्या मिळकतीचा झरा आटला. आई एका मोठ्या वाड्यावर घरव्यवस्थापक म्हणून नोकरीला गेली. मुलाला कापडाच्या दुकानात उमेदवारीला ठेवले. सकाळपासून रात्रीपर्यंत तागे उलगडायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. हे आयुष्य त्याला असह्य झाले. अखेर तो त्यातून सुटला, शाळेत शिकवू लागला आणि १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून लंडनला टी. एच. हक्सले या थोर शास्त्रज्ञाकडे जीवशास्त्र शिकायला आला.

लहानपणी ब्रॉम्लेच्या रस्त्यांवरून फिरताना हा मुलगा मनातल्या मनात सेनापती होऊन मोठमोठ्या लढाया जिंकत असे. आत्मचरित्रात त्याने हे मोकळेपणाने सांगून टाकले आहे. पुढे पुस्तकांनी पैसा दिला, सँडगेटला समुद्राजवळ स्वतःचे घर झाले, १९०१ आणि १९०३ साली दोन मुलगे झाले, आणि मनातले ते सैन्य पुन्हा जागे झाले.

निमित्त झाले एका खेळण्यातल्या तोफेचे. ब्रिटन्स या कंपनीची ती स्प्रिंगची तोफ लाकडाची इंचभर लांबीची गोळी उडवी आणि तिचा नेम चांगला होता. जेवणानंतर एका मित्राने ती सहज उडवली, शिपाई पडला आणि पैजा सुरू झाल्या. मग ज्ञानकोशाचे खंड मांडून डोंगर झाले, मध्ये पडदा टांगून दोन्ही बाजूंनी गुपचूप सैन्ये लावणे सुरू झाले.

खरी गंमत पुढेच आहे. वेल्सने नियम एका बैठकीत लिहून काढले नाहीत. नियम करायचा, खेळून पाहायचा, कुठे अन्याय होतो ते हेरायचे आणि बदलायचा, अशी ही रीत. समोरासमोर आलेल्या शिपायांपैकी कोण मेला, हे आधी नाणे उडवून ठरवत. पण नशिबाच्या जोरावर एकटा शिपाई भलताच पराक्रम गाजवू लागला. तेव्हा नाणे गेले आणि एकास एक असा हिशोब आला. एखादा खेळाडू विचारच करत बसे, म्हणून दर तीस शिपायांमागे एक मिनिट आणि दर तोफेमागे एक मिनिट अशी वेळेची मर्यादा आली. तोफेजवळ सहा इंचांच्या आत निदान चार माणसे असतील तरच ती डागायची किंवा हलवायची, हाही नियम झाला. पायदळाने एका खेळीत एक फूट जायचे, घोडदळाने दोन फूट. मुख्य सैन्यापासून तुटून पडलेल्या लहान तुकडीतले काही शिपाई कैदी होत.

हे नियम मी नात आणि नातवाला घेऊन तीन रविवार खेळून पाहिले. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, बुद्धिबळाची प्यादी आणि घोडे, डोंगरांसाठी मराठी विश्वकोशाचे खंड, आणि तोफगोळा म्हणून कॅरमचा स्ट्रायकर, असा आमचा सरंजाम. घरातल्या फरश्या दोन फुटी, त्यामुळे मोजणे सोपे झाले. पायदळाला अर्धी फरशी, घोडदळाला एक. पहिल्या रविवारी घड्याळ लावले नव्हते. नातू इतका विचार करत बसला की चहा होऊन गेला तरी त्याची एक खेळी होईना. वेळेचा नियम का आला, हे तेव्हा कळले. दुसऱ्या रविवारी नातीच्या तोफेजवळ तीनच मावळे उरले आणि नेमक्या मोक्याला तोफ मुकी झाली. चौथा मावळा सहा इंचांच्या आत आहे की नाही, यावरून फूटपट्टी आली आणि आवाज चढले. पण पट्टीने जे सांगितले ते दोघांनीही मानले. तिसऱ्या रविवारी तिने नातवाची एक तुकडी बरोबर एकटी गाठून कैद केली. हा मुख्यतः मुलांचा खेळ, फार तर एखाद्या चतुर मुलीचा, असा वेल्सचा सूर होता. तो आमच्या घरात तरी खोटा ठरला.

खेळताना ध्यानात येते ते हे, की कितीही जपून चाली केल्या तरी निम्मे सैन्य आडवे होते. वेल्सलाही तेच दिसले होते. पुस्तकाच्या शेवटी तो थट्टा बाजूला ठेवतो. ज्याने हा खेळ चारदोन वेळा खेळला, त्याला खरे युद्ध किती बेढब आणि महागडे असते हे कळल्यावाचून राहणार नाही, असे तो बजावतो.

हे छापून आले १९१३ मध्ये. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि हाच वेल्स युद्धाचा कैवारी झाला. हे युद्ध सगळ्या युद्धांचा शेवट करील, अशा अर्थाचे लेख त्याने लिहिले. १९१८ मध्ये तर काही काळ शत्रूविरुद्धच्या प्रचाराचे सरकारी कामही केले. फरशीवरचा शहाणा सेनापती वर्षभरात कुठे हरवला, हा प्रश्न त्याच्या चाहत्यांनाही चुकत नाही. पण युद्ध संपल्यावर तो गप्प बसला नाही. सगळ्या मानवजातीचा एकच इतिहास सांगणारा ग्रंथ त्याने लिहिला. नेहरूंनी तुरुंगातून इंदिरेला जगाचा इतिहास लिहिला, तेव्हा त्यांनी याच ग्रंथाचा आधार घेतला होता.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा वेल्स सत्तरी ओलांडलेला होता. मधुमेहाने पोखरलेल्या त्या म्हाताऱ्याने आणखी एक नियमावली हाती घेतली. कोणत्याही राष्ट्रातल्या माणसाचे कोणते हक्क कोणालाच काढून घेता येणार नाहीत, त्याची ही यादी. पद्धत तीच, सँडगेटची. मसुदा करायचा, लोकांपुढे ठेवायचा, आक्षेप ऐकायचे, पुन्हा लिहायचा. एक मसुदा गांधीजींकडेही आला. ते त्या वेळी वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहत होते. हक्कांआधी माणसाच्या कर्तव्यांची सनद लिहा, असे त्यांनी १९४० मध्ये कळवले. वेल्सच्या नियमांवर घेतला गेलेला हा बहुधा सर्वांत मूलगामी आक्षेप.

१३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये वेल्सचा मृत्यू झाला. अणुबाँबची कल्पना त्याने १९१४ मध्येच एका कादंबरीत मांडली होती, आणि मृत्यूपूर्वी वर्षभर आधी त्याला हिरोशिमाची बातमी ऐकावी लागली. संयुक्त राष्ट्रांनी १९४८ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला, तो पाहायला तो उरला नव्हता.

खेळ आणि युद्ध यांतला फरक मला आता असा दिसतो. खेळात नियम चुकला तर पुढच्या रविवारी बदलता येतो, कारण पडलेले सगळे शिपाई डब्यातून पुन्हा उभे राहतात. जगाच्या पाठीवर मात्र चुकलेल्या नियमाची किंमत माणसे मोजतात, आणि ती पुन्हा उभी राहत नाहीत. म्हणूनच नियम आधी कागदावर नीट पारखून घ्यावेत, भांडावे, पण दोन्ही बाजूंनी एकच फूटपट्टी मानावी. कापडाच्या दुकानातून आलेला हा माणूस जन्मभर तीच फूटपट्टी शोधत होता.