मार्कोनी आणि त्याचा पतंग

आमच्या शाळेच्या छपरावर लोखंडी खांबाला एक पांढरी ताटली बसवली आहे. तिचे तोंड टेकडीवरच्या मनोऱ्याकडे आहे. तिच्यातून शाळेला इंटरनेट मिळते. पण जरा वारं सुटलं की ते जातं. चित्र अर्धं येतं आणि नुसतं चक्र फिरत बसतं. तार तुटली म्हणावी, तर मध्ये तारच नाही. मग तुटतं काय? मी गुरुजींना विचारले, तर त्यांनी मला मार्कोनीचे चरित्र वाचायला दिले. मी ते दोनदा वाचले. त्यातले तुम्हांला सांगते.

गुल्येल्मो मार्कोनी याचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटली देशात बोलोन्या येथे झाला. वडील श्रीमंत जमीनदार होते. आई आयर्लंडची होती. तो नेमाने शाळेत गेला नाही, शिक्षक घरी यायचे. आधी मला त्याचा हेवा वाटला. पण मधल्या सुट्टीत तो खेळत कुणाशी असेल?

हर्ट्‌झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने विजेच्या लहरी तारेवाचून जातात हे दाखवले होते. १८९४ साली हर्ट्‌झ वारला. त्याच्याविषयी वाचून मार्कोनीच्या मनात आले की या लहरींवरून निरोप पाठवावा. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्याने घराच्या माळ्यावर सामान मांडले. पुढच्या वर्षी तो बाहेर शेतात आला. तारेचे एक टोक उंच खांबावर आणि दुसरे जमिनीत पुरले, की निरोप लांब जातो हे त्याला कळले. मग त्याचा भाऊ बंदूक घेऊन टेकडीपलीकडे गेला. निरोप पोचला की त्याने बार काढायचा असे ठरले होते. आणि बार ऐकू आला! त्याच सुमारास आपल्या जगदीशचंद्र बोस यांनीही कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली होती. हे आमच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हते.

१८९६ साली तो आईबरोबर इंग्लंडला गेला. तिथल्या टपाल खात्याने त्याला मदत केली. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीत किनारा आणि बेट यांच्यामध्ये प्रयोग झाला. अंतर पाच किलोमीटरच्या वर होते. पहिले दोन दिवस काही नीट जमेना. तिसऱ्या दिवशी यंत्र उचलून खाली समुद्रकाठी नेले. त्यामुळे खांबावरून येणारी तार लांब झाली, आणि लगेच निरोप येऊ लागला. यंत्र तेच, माणसे तीच, फक्त तार वाढली. मला ही गोष्ट सगळ्यांत आवडली होती, पण पुढे पतंग आला.

त्याला अटलांटिक महासागरापलीकडे निरोप पाठवायचा होता. इंग्लंडमध्ये पोल्धू येथे त्याने गोलाकार वीस खांब उभे केले. एकेक खांब साठ मीटर उंच. पण सगळे खांब वरून एकमेकांना बांधलेले होते. १७ सप्टेंबर १९०१ ला वादळ आले आणि सगळेच्या सगळे कोसळले. अमेरिकेतही त्याने असेच खांब उभारले होते, तेही नोव्हेंबरात पडले. दुसरा कुणी असता तर रडत घरी गेला असता. त्याने पोल्धूला दोनच खांब उभे करून मध्ये पंख्यासारख्या तारा ताणल्या, आणि स्वतः न्यू फाउंडलंड बेटावर गेला. तिथे खांब रोवायला वेळ नव्हता. म्हणून त्याने फुगे आणि पतंग नेले होते.

डिसेंबरचा महिना, कडाक्याची थंडी. टेकडीवर वारं तर असं की एक फुगा सुटून गेला. दुसऱ्या दिवशी एक पतंगही गेला. दुसरा पतंग मात्र टिकला. तो तार घेऊन सुमारे दीडशे मीटर वर चढला. पण पतंग काय एका जागी राहतो? तो वरखाली झाला की तारेचा मेळ बिघडायचा आणि यंत्राचा सूर जुळेना. तेव्हा मार्कोनीने सूर जुळवायचे चांगले यंत्र बाजूला ठेवले. साधे यंत्र घेतले आणि टेलिफोनचा कर्णा कानाला लावला. १२ डिसेंबर १९०१, दुपारी साडेबारा. टिक, टिक, टिक. सुमारे ३४०० किलोमीटरवरून तीन ठिपके आले! त्याने आपल्या मदतनिसालाही ऐकायला दिले.

पुष्कळांना हे खरे वाटले नाही, कारण कागदावर काही उमटले नव्हते. म्हणून १९०२ साली तो बोटीवर यंत्र घेऊन निघाला आणि निरोप कागदाच्या पट्टीवर उमटवून घेतले. रात्री अडीच हजार किलोमीटरवरून शब्द येत. दिवसा अकराशेच्या पुढे काहीच येईना. यंत्रात तर बिघाड नव्हता. आकाशात फार उंचावर विजेचे थर असतात, त्यांतला खालचा थर दिवसा उन्हाने तयार होतो आणि लहरी गिळून टाकतो. हे नंतर इतर शास्त्रज्ञांनी शोधले.

१९०९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ साली टायटॅनिक बोट बुडाली तेव्हा तिच्यावरच्या बिनतारी यंत्राने हाक मारली, म्हणून सुमारे सातशे माणसे वाचली. त्याच वर्षी मोटारीच्या अपघातात त्याचा उजवा डोळा गेला. पुढे तो मुसोलिनी या हुकूमशहाच्या पक्षात गेला. ते मला आवडले नाही.

नंतर त्याने लहरी बॅटरीच्या झोतासारख्या एकाच दिशेला सोडायची रीत काढली. १९२७ साली अशी केंद्रे आपल्याकडे सुरू झाली. पुण्याजवळ खडकीहून विलायतेला निरोप जायचा आणि तिकडचा निरोप दौंडला यायचा. आपले दौंड! आगगाडी बदलायला आम्ही तिथे उतरतो, पण मला कुणी हे सांगितले नव्हते. १९३३ साली त्याने रोममध्ये पोपच्या वाड्यापासून त्यांच्या उन्हाळी वाड्यापर्यंत अगदी आखूड लहरींचा दुवा जोडला. आमच्या ताटलीची ती आजीच म्हणायची.

२० जुलै १९३७ रोजी मार्कोनी रोममध्ये वारला. तेव्हा जगातली रेडिओ केंद्रे दोन मिनिटे गप्प राहिली.

पुस्तक वाचून झाल्यावर मी गुरुजींना म्हटले की आपली ताटली पतंगासारखी हलत असेल. गुरुजी शिडी लावून चढले. खांबाची पकड खरंच ढिली होती. ताटली इथे बोटभर हलली की टेकडीपाशी झोत पुष्कळच बाजूला जातो. त्यांनी नटबोल्ट आवळले आणि दोन्ही बाजूंनी तारेचे ताण दिले. आता वाऱ्यात इंटरनेट जात नाही. पावसात अजून जाते. वाटेत पिंपळाची फांदी आली आहे, ती ओली पाने लहरी अडवत असतील असे गुरुजींना वाटते. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही ती बघायला जाणार आहोत.

(इयत्ता चौथी)